किनाऱ्याचं गवत

"पुन्हा निम्मी लापशी तशीच. कोंबड्यांची चंगळ आहे या घरात," मार्गिट वाडगं खरवडत पुटपुटली. पुटपुटली म्हणजे, दोन हातांवर बसलेल्या सुनेला नीट ऐकू जाईल इतकंच.

उनाने शाल वर ओढली. लग्न होऊन ती या डोंगरावर आली तेव्हा हीच शाल खांद्यावर ताठ बसायची. आता घसरत राहते.

बाहेर तिचा नवरा वॉट आणि मेंढपाळ अ‍ॅडम घोडागाडीत मेंढ्या चढवत होते. हिरव्यागार गवतात चरूनही त्या खंगल्या होत्या. लोकर कोरडी, डोळ्यांना धार. स्कॉटलंडच्या सीमेवरल्या चेव्हियट डोंगरांच्या या उतारांवर असं व्हायचंच. इलाजही सगळ्यांना पाठ होता: मेंढी खाली समुद्राकाठच्या कुरणात न्यायची. औषध नाही की काढा नाही. जमीन बदलली की चार महिन्यांत टुणटुणीत.

उनाचं माहेरही त्याच काठावर, कोळ्यांच्या गावात. त्याचं नाव मात्र कुणी काढत नसे.

चहाला आलेले पाद्री लेडलॉ खिडकीतून पाहत होते.

"या रोगाला आपण 'पाइन' म्हणतो ना, झुरणं? फार जुना शब्द. मूळ लॅटिन, अर्थ शिक्षा. आधी तो छळण्यासाठी वापरायचे; कुणीतरी कुणाला तरी 'पाइन' करायचं. पुढे करणारा गळून गेला आणि माणूस आपलं आपणच झुरायला लागलं."

"करणाऱ्याची बरी सोय झाली," उना म्हणाली.

पाद्रीसाहेबांनी घाईने स्कोनचा मोठा घास घेतला.

"बघा. जीभ नाही खंगली हिची," मार्गिट म्हणाली. "डॉक्टर तपासून गेला. काही नाही म्हणाला. नुसता हट्ट. मी नाही काढला जन्म इथं?"

"काढलात. दिसतोय की."

तेवढ्यात वॉट दोर न्यायला आत आला. दोर खुंटीवर होता; तो चुलीकडे बघत राहिला.

"गाडीत पुढे अ‍ॅडमशेजारी एक जागा रिकामी आहे," तो चुलीला म्हणाला. "म्हणजे... कुणाला काही पाठवायचं असेल तर."

इतकं तो आजवर कधीच बोलला नव्हता. उना टेबलाला धरून उठली. तिने बूट पायात सरकवले.

मार्गिट दाराला पाठ लावून उभी राहिली.

"ती मेंढी नाहीये, वॉट."

"थोडेच दिवस, आई. जरा अंगाला लागलं की..."

"मेंढ्यांना आपण आणतो म्हणून त्या परत येतात."

"मार्गिटबाई, अहो, पोरीची अवस्था तर..." पाद्रीसाहेबांनी तोंड उघडलं.

"तुम्ही चहा घ्या. गार होतोय."

"बाजूला व्हा, आई," उना म्हणाली.

मार्गिट हलली नाही. उना आता तिच्या अगदी समोर होती, तिचा श्वास जाणवेल इतकी. मार्गिटची कडीवरची बोटं पांढरी पडली होती. आणि सासू तिच्याकडे बघतच नव्हती. तिच्या डोक्यावरून, मागे दोर हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडे बघत होती.

"ही गेली की आठवडाभरात तूही जाशील," मार्गिट म्हणाली. "मग या डोंगरावर मी भांडायचं कुणाशी?"