मोरिशिगेंचा शिक्का

“सॉसचा डाग असणार,” मिस्टर थर्लो म्हणाले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मतपत्रिका नाकापाशी नेली. “कुणीतरी शेवया खाता खाता मत दिलेलं दिसतंय.”

“इतका गोल डाग?” मिसेस काइलिमाई खुदकन हसल्या. “आणि वाटी घेऊन मत द्यायला कोण जातं हो?”

टेबलाच्या तिसऱ्या बाजूला बसलेली हारुए मोरिशिगे मात्र हसली नाही. पत्रिका उलगडायची आणि दोघांसमोर धरायची, हे तिचं काम. आठवडाभर ते बिनबोभाट चाललं होतं. या एका पत्रिकेपाशी तिचा हात थबकला. फुलीच्या शेजारी उमटलेलं ते लाल वर्तुळ म्हणजे डाग नव्हता. तो तिच्या वडिलांचा शिक्का होता.

हवाई राज्य होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. अध्यक्ष निवडायची ही त्याची पहिलीच वेळ, आणि पहिल्याच वेळेला असा घोळ झाला की पुसू नका. आधी म्हणे केनेडी पुढे. मग आकडे पुन्हा तपासले तर निक्सन एकशे एक्केचाळीस मतांनी पुढे. अख्ख्या राज्यात एकशे एक्केचाळीस! तेवढी माणसं तर मोइलीइलीत हारुएच्या एका गल्लीत राहत होती. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबरात होनोलुलूला फेरमोजणी बसली. दर टेबलावर निक्सनच्या बाजूचं एक माणूस, केनेडीच्या बाजूचं एक, आणि मध्ये हारुएसारखी सरकारी कारकून. निक्सनच्या बाजूचे थर्लो अननसाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, केनेडीच्या बाजूच्या काइलिमाईबाई शाळेतून. दिवसभर एकमेकांवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची आणि दुपारी बाईंनी आणलेल्या नारळाच्या वड्या मिळून खायच्या, असा दोघांचा क्रम होता.

आणि त्यांच्यापुढे आता कुमाजिरो मोरिशिगे यांचं मत पडलं होतं.

कुमाजिरो मोरिशिगे चौऱ्याहत्तर वर्षांचे. विसाव्या वर्षी जपानातल्या यामागुचीहून बोटीने आले आणि चौतीस वर्षं वाइपाहूच्या उसाच्या मळ्यात पाटाचं पाणी वळवत राहिले. मळ्यावर कामगाराला नाव नसे. गळ्यात पितळेचा बिल्ला आणि त्यावर आकडा. यांचा तीन हजार एकशे सात. मुकादम आकड्याने हाक मारी, दुकानदार आकड्यावर तांदूळ देई. हारुए जन्मली तेव्हा दवाखान्याच्या वहीतसुद्धा ‘३१०७ याची मुलगी’ एवढंच लिहिलं गेलं.

म्हणूनच असेल, पण आपल्या शिक्क्यावर या माणसाचा भारी जीव. करंगळीएवढा लाकडी शिक्का, निघताना आईने कापडी पिशवीत घालून दिलेला. त्यावर आडनाव कोरलेलं आणि त्यातल्या पहिल्या अक्षरात तीन झाडं, वर एक, खाली दोन. हारुएच्या प्रगतिपुस्तकावर तो शिक्का, घराच्या कागदांवर तो शिक्का, इतकंच काय, नाताळच्या शुभेच्छापत्रांवरही तोच. कायदा बदलला आणि जपान्यांना नागरिक होता येऊ लागलं, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी परीक्षा देऊन म्हातारबुवा अमेरिकन झाले. दाखला घरी आणल्यावर पहिलं काम काय केलं, तर वाकड्यातिकड्या इंग्रजी सहीखाली शिक्का उठवला. पुढे एकदा तो न्हाणीत पडला आणि उजव्या झाडाचा टवका उडाला. मतपत्रिकेवरच्या उजव्या झाडालाही टवका होता.

मतदानाआधी हारुएने त्यांना आठवडाभर पढवलं होतं.

“ज्याला द्यायचं त्याच्यापुढे फुली. बाकी काही नाही, बाबा.”

“नाव कुठे लिहायचं?”

“नाव लिहायचंच नाही.”

“मग मत माझं आहे हे त्यांना कळणार कसं?”

“कळू नये म्हणूनच तर. गुप्त असतं ते.”

“हं.”

“देणार कुणाला पण?”

“गुप्त असतं म्हणालीस ना? मग तुला कशाला सांगू?”

मतदानाला जाताना त्यांनी काळा कोट घातला. हारुएची आई गेली त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच पेटीतून बाहेर निघाला होता. कोटाचा खिसा फुगलेला तिने पाहिला होता. तिला वाटलं, तंबाखू असेल.

“हारुए,” मिस्टर थर्लो म्हणाले, “तुला जपानी वाचता येतं ना? काय आहे हे?”

“डाग असला तर मत राहील,” काइलिमाईबाई म्हणाल्या, “कुणाचं मत ते ओळखू येईल अशी खूण असली तर बाद. नियमच आहे. तू सांगशील ते आम्ही दोघं मान्य करू. काय हो?”

थर्लोंनी मान डोलावली. “डाग म्हणालीस तर डाग लिहितो. संपलं.”

एक शब्द, बस. डाग. एवढं म्हटलं की बाबांचं मत योग्य त्या गठ्ठ्यावर जाऊन बसलं असतं आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. अडुसष्टाव्या वर्षी ज्यासाठी त्यांनी परीक्षा दिली ते हेच मत. पण त्या तीन झाडांना डाग म्हणायला तिची जीभ रेटेना.

“नाव आहे,” ती म्हणाली.

“कुणाचं?”

“ते नका विचारू. मत गुप्त असतं.”

पत्रिका वादाच्या पेटीत गेली आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती बाद केली. मत कुणाला होतं ते मी सांगणार नाही. हारुएनेही कधी सांगितलं नाही. एवढंच सांगतो की टेबलावरच्या दोघांपैकी एकाचा चेहरा पडला, आणि तरीही दुपारी वडीचा मोठा तुकडा हारुएलाच मिळाला.

त्या संध्याकाळी बाबा अंगणात होते. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांतून त्यांनी शेवंती लावली होती आणि झारीने ते पाणी घालत होते.

“मोइलीइली आलं का मोजायला?” त्यांनी रोजच्यासारखं विचारलं.

खोटं बोलणं इथे फार सोपं होतं. आलं, मोजलं, बसलं. ऐकून म्हातारा सुखाने झोपला असता. हारुए पायरीवर बसली.

“आलं. तुमचं मत बाद झालं, बाबा. शिक्क्यामुळे.”

झारी थांबली.

“का मारलात हो? इतकं बजावलं होतं मी!”

“फुली काय, कुणीही मारतं,” बाबा म्हणाले. “मळ्यावर ज्याला लिहिता येत नसे तो फुलीच मारायचा. चौतीस वर्षं मी आकडा होतो, पोरी. जन्मात पहिल्यांदा या देशाने मला विचारलं की बाबा रे, तुझं म्हणणं काय? तेव्हासुद्धा मी नाव सांगायचं नाही?”

हारुएला त्यांचा राग आला होता आणि त्यांना पोटाशी धरावंसंही वाटत होतं.

“त्यांना काय वाटलं, काय आहे ते?”

“सॉसचा डाग.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, नाव आहे.”

“बरं केलंस,” बाबा म्हणाले आणि पुन्हा पाणी घालू लागले. डबा काठोकाठ भरून पाणी त्यांच्या पायांवर सांडलं तरी ते त्याच डब्यात ओतत राहिले.

महिनाअखेरीस निकाल लागला. केनेडी एकशे पंधरा मतांनी पुढे. राज्य फिरलं. बातमी घरी पोचताच बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

“माझं धरलं असतं तर एकशे सोळा. नाहीतर एकशे चौदा.”

“मी पाहिलंय ते मत, बाबा.”

“पाहिलं असशील. बोलायचं नाही.”

त्यानंतर चार वर्षं घरात हा विषय निघाला नाही. शिक्का मात्र पूर्वीसारखाच सगळीकडे उमटत राहिला.

पुढची निवडणूक आली तेव्हा बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि काठी घेऊन चालत होते. हारुएने कचेरीतून तासाभराची सुट्टी काढली. ती दोघं शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभी राहिली. बाबांच्या अंगावर काळा कोट होता आणि खिसा फुगलेला होता. हारुए खिशाकडे बघत होती.

दार जवळ आल्यावर बाबा थांबले. त्यांनी खिशातून कापडी पिशवी काढली. थोडा वेळ ती मुठीत धरून ठेवली. मग हारुएचा हात ओढून तिच्या तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं एक एक करून मिटवली.

“सांभाळ. मी आलोच.”

आत यादी घेऊन बसलेल्या मुलीने मान वर न करताच विचारलं, “नाव?”

“मोरिशिगे,” बाबा म्हणाले. इतक्या मोठ्याने की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. “कुमाजिरो मोरिशिगे.”

मुलीने यादीत बोट फिरवून नाव शोधलं आणि त्यांच्या हातात कोरी मतपत्रिका दिली. रिकामा खिसा एकदा चाचपून ते पडद्याआड गेले.