बाबांच्या बाजूचा ब्रेक

मुलाखत परवावर आली होती आणि बाबा सकाळपासून साहेब होऊन बसले होते.

साहेब होण्यासाठी त्यांनी फार काही केलं नव्हतं. घरातल्याच शर्टाचं वरचं बटण लावलं होतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला होता आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा साखरेचा डबा उचलून ओट्यावर ठेवला होता, कारण साहेबांच्या टेबलावर साखरेचा डबा नसतो. हातात लेकीनेच छापून आणलेले प्रश्न होते. सगळा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात गेला, पण परीक्षा घेणारा नेहमी दुसराच कुणीतरी असायचा. ती हौस आता फिटत होती.

"या मॅडम, बसा."

"बसलेच आहे."

"उठा, बाहेर जा आणि परत या. आत येण्यापासून मार्क धरतात."

ती उठली, दारापर्यंत गेली, परत येऊन बसली. पस्तिशी उलटलेल्या बाईला बापाच्या घरात पाहुण्यासारखं खुर्चीच्या कडेवर बसायला लाज वाटली, आणि थोडं हसूही आलं.

"अशी एखादी वेळ सांगा," बाबांनी कागदावरून वाचलं, "जेव्हा तुमचं सहकाऱ्याशी पटलं नाही. हे सगळे 'अशी एखादी वेळ सांगा'नेच का सुरू होतात?"

"माणूस पुढे कसा वागेल ते मागच्या वागण्यावरून कळतं म्हणून. उत्तराची पद्धत ठरलेली असते. आधी परिस्थिती, मग आपली जबाबदारी, मग आपण काय केलं, मग काय झालं."

"आरसा, इशारा, वळण, सरळ. आमचंच उचललंय. चला, निघा."

ती निघाली. औषधांच्या गोदामात ती माल पाठवण्याचं काम बघायची, तेव्हाची गोष्ट. थंड खोलीतली खोकी गाडी यायच्या आधीच फलाटावर काढून ठेवायची मुकादमाला सवय होती. गाडी उशिरा आली की खोकी उन्हात. तिने हरकत घेतली, चर्चा केली, आणि शेवटी गाडी फाटकात शिरल्याचा फोन आल्याशिवाय खोकी हलवायची नाहीत असं ठरलं.

टेबलाखाली चप् असा आवाज झाला. बाबांची सपात फरशीवर आपटली होती.

त्या आवाजाची तिला लहानपणापासून ओळख होती. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाबांचा उजवा पाय जन्मभर त्या ब्रेकवर राहिला, आणि मग गाडीतून उतरल्यावरही उतरला नाही. बसमध्ये, दुसऱ्याच्या मोटारीत, टीव्हीसमोर, कुठेही काही चुकतंय असं वाटलं की पाय आपोआप खाली जायचा.

"काय चुकलं?"

"'चर्चा केली' म्हणालीस. तू त्याला मठ्ठ म्हणाली होतीस. घरी येऊन तूच सांगितलं होतंस."

"ते मुलाखतीत सांगायचं नसतं, बाबा."

"साहेब म्हणा."

"ते सांगायचं नसतं, साहेब."

"मग तुम्ही नुसत्या शहाण्या वाटता. पुढे. मधले काही महिने तुम्ही कुठेच कामाला नव्हता. काय करत होता?"

हे उत्तर तिला तोंडपाठ होतं. "वडिलांची तब्येत बरी नव्हती. त्यांची काळजी घ्यायला मी घरी आले होते."

चप्.

बाबांनी घाईने कागद उलटला. "पुढे."

"पाय पडला तुमचा."

"पडायचाच. म्हातारा झालाय."

पाय म्हातारा झाला नव्हता आणि तब्येतही ठणठणीत होती. गेल्या वर्षी एका सकाळी ती गोदामाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून आत बसून राहिली होती. दार उघडून उतरायचं, एवढंच काम होतं, आणि ते तिला जमेना. ऊन काचेवर चढलं तरी जमेना. शेवटी तिने बाबांना फोन केला आणि फोनवर काहीच बोलली नाही. बाबा बसने आले, काचेवर टकटक केली, म्हणाले, "सरक तिकडे," आणि गाडी चालवत तिला घरी घेऊन आले. वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही सिग्नलला: चहा घ्यायचा का?

मग ती गोदामात परत गेलीच नाही. कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बाबा ताट आणून ठेवायचे, घेऊन जायचे, आणि ताटात किती उरलंय यावर चकार शब्द काढायचे नाहीत. एके दिवशी ते म्हणाले, "चल, मागे बस. एकट्या शिकणाऱ्याला माझी भीती वाटते, सोबत होईल." तेव्हापासून ती रोज शिकाऊ गाडीच्या मागच्या सीटवर बसून गावभर हिंडली. पुढे कुणीतरी घामाघूम होऊन चाक धरलेलं असायचं, भर चौकात गाडी बंद पडायची, मागून भोंगे वाजायचे, आणि बाबा प्रत्येकाला त्याच आवाजात म्हणायचे, "बंद पडली? पडू दे. परत चालू कर." ऐकता ऐकता केव्हातरी तिला भूक लागायला लागली.

वडिलांच्या आजारपणाची गोष्ट मात्र मूळ बाबांचीच. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, लेक घरी कशी काय, तेव्हा त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, "माझ्यासाठीच आलीय बिचारी." तेव्हापासून काकू दिसल्या की ते लंगडायचे. कधी डावा पाय, कधी उजवा. काकूंच्या नजरेतून काही सुटत नसे, पण त्याही कधी काही बोलल्या नाहीत.

"ती गोष्ट तुमचीच आहे," ती आता म्हणाली. "काकूंना चालते, मग साहेबांना का नाही?"

"काकूंना तुला नोकरी द्यायची नाहीये."

"मग काय सांगू? मला उठता येत नव्हतं, बापाने जेवू घातलं? असं ऐकून कोण ठेवून घेईल?"

बाबांनी चष्मा काढला, म्हणजे साहेब गेले. "खोटं आहे म्हणून नाही गं म्हणत. खोटं मीही बोलतो. पण तुझी गाडी तिथे दर वेळी अडते. बाकी सगळं माझ्याकडे बघून सांगतेस, आणि हे आलं की साखरेच्या डब्याकडे बघतेस. आज तो उचलून ठेवला, तर मान वळवून ओट्याकडे बघितलंस."

बाबा त्यावर जास्त ताणणारे नव्हते.

"बरं, आता मी मागे बसतो," ते म्हणाले.

हा त्यांचा जुना रिवाज. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी ते पुढची सीट सोडून मागे जाऊन बसायचे. मागे ब्रेक नसतो. शिकणाऱ्याने चुकायचं तर आपल्या जबाबदारीवर. त्यांनी आपली खुर्ची रिकामी केली, स्टूल उचलून तिच्या पाठीमागे खिडकीपाशी ठेवलं, आणि प्रश्न तिथून विचारायला लागले. ती रिकाम्या खुर्चीकडे बघून उत्तरं देत गेली. मुकादमाचा प्रश्न झाला, 'तुमची एखादी चूक सांगा' झाला, मग तो आला. मधले महिने काय करत होता?

"वडिलांची तब्येत बरी नव्हती. त्यांची काळजी घ्यायला मी घरी आले होते."

आवाज आला नाही. तिने वळून पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"छान," ते म्हणाले. "पास."

तिला काहीतरी बोलायचं होतं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण बाबा तोवर उठून चहाचं भांडं विसळायला लागले आणि साखरेचा डबा परत टेबलावर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे शिकाऊ गाडी पुसायला खाली गेले. थोड्या वेळाने काकूंची हाक आली, आणि त्या हाकेत तिचं नाव ज्या तऱ्हेने उच्चारलं गेलं त्यावरूनच तिला कळलं. ते गाडीच्या चाकाला टेकून बसल्यासारखे होते, हातात ओलं फडकं. डॉक्टर म्हणाले, त्यांना फारसं जाणवलंही नसेल. सगळ्यांनाच असं सांगत असतील, असं तिला वाटलं. तरी तिने ते जपून ठेवलं.

मग माणसं येत राहिली. बाबांकडे शिकलेले कितीतरी जण आले. बेकरीवाला आला, शाळेतल्या बाई आल्या. दातांची डॉक्टर म्हणाली, "शेवटच्या दिवशी सर मागे बसले ना, तेव्हा आरशात बघितलं मी. डोळे घट्ट मिटून बसले होते. विश्वासाने की भीतीने, ते काही कळलं नाही." घरात त्या आठवड्यात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

आणि जो तो तिला सांगून जायचा, नशीबवान आहेस, शेवटी तुझ्या हातून सेवा घडली. ती मान हलवायची. सांत्वनाला आलेल्या माणसाला कुठे थांबवत बसायचं? पण प्रत्येक वेळी मान हलवली की तिला वाटायचं, आपण बाबांच्या हातातलं काहीतरी काढून आपल्या नावावर लावतोय. जिन्यात काकू तेवढ्या वेगळं बोलल्या: "लंगडायला मात्र त्यांना अजिबात यायचं नाही हो." आणि पदराने डोळे पुसत खाली निघून गेल्या.

कंपनीने मुलाखत पुढे ढकलली. वडील गेले, एवढंच तिने कळवलं होतं. उत्तर सभ्य आलं, सावकाश या. घरातली शिल्लक पुढची काही भाडी भागवेल इतकीच होती, त्यामुळे फार सावकाश जाता येणार नव्हतं.

मुलाखतीची खोली लहान होती. टेबलावर पाण्याचा काचेचा जग होता आणि खाली गालिचा होता. समोर दोघं होते, विभागप्रमुख बाई आणि नोकरभरतीचं बघणारा एक तरुण. अशी एखादी वेळ सांगा, तरुणाने सुरुवात केली, आणि ती निघाली. मुकादमाशी कसं वाजलं ते सांगताना ती म्हणाली, "मी त्याला मठ्ठ म्हणाले. ते चुकलं, आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितली. पण खोकी थंड खोलीतच राहिली." बाई मोकळेपणाने हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. ती शहाणी वाटली नसावी. बरं वाटलं तिला.

मग तरुणाने कागद वर केला. "मधले काही महिने..."

"अहो, ते राहू द्या," बाईंनीच त्याला थांबवलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "वडिलांचं करायला घरी राहिला असाल ना? कळवलं होतंत तुम्ही, ते गेले म्हणून. माझ्याही घरी हे सगळं झालंय. त्याचं स्पष्टीकरण द्यायची काही गरज नाही."

नुसती मान हलवायची होती. उत्तर कुणीतरी आयतं हातात ठेवलं होतं, आणि आता ते खोटं ठरवायला जगात कुणी उरलं नव्हतं. तिची नजर टेबलावर फिरली. साखरेचा डबा नव्हता. पाठीमागे खिडकी होती की भिंत, हे आत येताना तिने बघितलंच नव्हतं. आणि तेवढ्यात टेबलाखाली तिचा उजवा पाय खाली गेला, टाच आणि चवडा दोन्ही रोवून. गालिच्यामुळे आवाज झाला नाही.

"नाही," ती म्हणाली. "तसं नव्हतं. मी..."

वाक्य तिथेच बंद पडलं. तरुणाने पाण्याकडे हात नेला. तिने मान हलवून नको म्हटलं, आणि वाक्य बंद पडलंय तर पडू दिलं. मग बाईंच्या डोळ्यांत बघून परत चालू केलं.

"वडील आजारी नव्हते. मी होते. एका सकाळी मला कामावर गाडीतून उतरता आलं नाही. ते बसने आले आणि मला घरी घेऊन गेले. कित्येक दिवस त्यांनी मला जेवू घातलं, काही विचारलं नाही, आणि मग गाडीत मागे बसवून रोज बाहेर नेलं. आज मी इथे माझ्या पायांनी आले, ते त्यामुळे. लोकांना वाटतं मी त्यांची काळजी घेतली. त्यांनी माझी घेतली. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही, म्हणून निदान इथे म्हणते. माझ्या बाबांनी मला परत उभं केलं."