शलबींच्या कहवाखान्यातील शुभ खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. ‘जुनी’ या विशेषणाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘शुभ’ या विशेषणाला. ती हरकत सकारण आहे हे पटवून देण्यासाठीच मी आज तुमच्याशी बोलत आहे, मित्रांनो.

माझा जन्म इजिप्तमधल्या दुम्यातचा. या शहरात लाकडाचा भुसा पावावरही बसतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मला घडवले उस्ता मसअद यांनी. ‘उस्ता’ ही आमच्याकडे कारागिराला मारायची मानाची हाक आहे. त्यांनी बीचचे लाकूड पारखून घेतले, पाय कातले, सांधे सरसाने बसवले आणि वेताची बैठक ताणून विणली. लाखेच्या पॉलिशचे थेंब फरशीवर पडू नयेत म्हणून माझ्याखाली जुनी वर्तमानपत्रे अंथरली होती. उस्तांची लहान मुलगी रबाब माझ्या पायांमधून रांगत ती वर्तमानपत्रे वाचत असे; कडेचा मजकूर पॉलिशने झाकला गेला की रुसून बसत असे. तिची आई नव्हती. कारखाना हेच तिचे घर आणि तीच तिची शाळा.

पुढे मला शलबींच्या कहवाखान्याने विकत घेतले आणि माझी कामाची वर्षे सुरू झाली. डोमिनो खेळणाऱ्यांचा त्रागा मी सोसला, हुक्क्याचा निखारा एकदा हातावर झेलला, लग्ने जमताना आणि मोडताना ऐकली. कौतुक कोणी केले नाही, पण खुर्चीचे कौतुक म्हणजे तिच्यावर बसलेल्या माणसाने उठायचे विसरणे. ते मला पुष्कळ लाभले.

रबाब मोठी झाली आणि कैरोला शिकायला जाते म्हणाली. उस्तांना ते मान्य नव्हते. रागाच्या भरात ते म्हणाले, “गेलीस, तर मी बोलावल्याशिवाय या दारात येऊ नकोस.” ती गेली. मुलगी आज्ञाधारक होती, हेच दुर्दैव. बोलावणे आले नाही, म्हणून ती कधी आली नाही. उस्ता दर ईदला बोलावू म्हणत आणि दर ईद तशीच जाई.

मग एके दिवशी, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, उस्ता चहा प्यायला आले. दूरचित्रवाणीवर प्रश्नमंजूषा चालू होती. पडद्यावर रबाब उभी होती. हाताशी आली ती खुर्ची ओढून उस्ता बसले. ती खुर्ची मी होते. रबाब जिंकली.

दुसऱ्या दिवशी ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले आणि रबाब अडखळू लागली. तोल्बा न्हावी ताडकन उठला. “उस्ता, कालच्या खुर्चीवर या. आत्ताच्या आत्ता.” उस्ता आले, रबाब सावरली, आणि त्या क्षणापासून माझे नशीब फिरले. माझ्या चारही पायांभोवती फरशीवर खडूने खुणा झाल्या. झाडूवाल्याला माझ्याखाली मज्जाव झाला. रबाब रोज जिंकत गेली. गल्लीतले लोक आपापली दुकाने लवकर बंद करून येऊ लागले, आणि यायच्या वाटेवर माझ्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावू लागले.

याच काळात माझ्या मागच्या डाव्या पायाचा सांधा सुटू लागला होता. उस्तांचा पाय सतत हलत असे. कार्यक्रम सुरू झाला की थांबतच नसे. त्या हालचालीने मी कुरकुरे. आपल्या हातची वस्तू कुरकुरली की कारागिराला ते ऐकवत नाही.

“हिला एक दिवस कारखान्यात नेतो,” ते म्हणाले. “सरस सुकलाय.”

“हात लावायचा नाही,” तोल्बा म्हणाला. “त्या कुरकुरीतच सगळी बरकत आहे. पोरगी हरली की न्या.”

“हरली की?”

“तोंडातून निघून गेलं हो. थुंकतो मी.”

मित्रांनो, येथे माझा युक्तिवाद नीट ऐका. शुभ मानलेल्या वस्तूची कोणी दुरुस्ती करत नाही. ती हेळसांडच असते. फक्त आदराने केलेली. आणि जी गत माझी, तीच उस्तांची. कहवाखान्यात त्यांना सगळे फुकट चहा पाजत होते, पण उठू कोणी देत नव्हते. खरे सांगायचे तर त्यांनाही उठायचे नव्हते. एकदा ते शलबींना हळूच म्हणाले होते, “जिंकतेय तोवर तिला माझी काय गरज? ज्या दिवशी हरेल, त्या दिवशी जाईन मी. त्या दिवशी तिला कोणीतरी लागेल.” शलबींनी ग्लास पुसला. मी मात्र रोज अस्वस्थ होत होते. ती जिंकली की सगळे टाळ्या वाजवत आणि त्या टाळ्यांत उस्तांचे जाणे आणखी एक दिवस लांबे.

त्या संध्याकाळी निवेदकाने रबाबला विचारले, “समोरच्या रांगेत घरच्यांसाठी आम्ही एक जागा राखून ठेवतो. तुमची रोज रिकामी असते. कोणाची आहे?”

रबाबने अंगावरची लोकरीची शाल सावरली. “बाबांची. त्यांच्या कारखान्यात काम फार असतं, सवड मिळत नाही.”

उस्तांच्या कारखान्यात गेले वर्षभर कामच नव्हते, हे कहवाखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांचा हलणारा पाय प्रथमच थांबला.

ते म्हणाले, “या उकाड्यात तिनं लोकरी शाल का घेतलीय? बरं नाही का तिला?”

“अहो, हे हिवाळ्यातलं चित्रण आहे,” शलबी म्हणाले. “सगळं तेव्हाच होऊन गेलंय. आत्ता ती घरी भाजी निवडत बसली असेल.”

“म्हणजे पुढचं तिला ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे, पण सांगायची बंदी असते.”

“मग मी इथे काय धरून बसलोय?”

उस्ता उठू लागले. नेमका तेव्हाच पडद्यावर प्रश्न आला आणि घड्याळ धावू लागले. तोल्बा आणि आणखी दोघांनी त्यांचे खांदे धरले. “फक्त हा प्रश्न हो उस्ता. एवढा एकच.” त्यांनी त्यांना खाली दाबले, आणि माझा सांधा सुटला. मी कोसळले, उस्ता फरशीवर बसले. ज्यांनी मला कपाळाला लावले त्यांनीच मला मोडले, याची नोंद असू द्या.

उस्तांनी तिथेच, जमिनीवर बसून, खिशातून फोन काढला. त्यांच्या बहिणीने दिलेला रबाबचा क्रमांक त्यात केव्हाचा होता. लावला कधीच नव्हता. पडद्याकडे त्यांची पाठ होती.

“रबाब? मी बोलतोय. मी म्हणजे, तुझा बाप.”

शलबींनी दूरचित्रवाणीचा आवाज बंद केला.

“हो, शलबीकडूनच. रोज बघतो. नाही, ते सांगू नकोस, तुला बंदी आहे ना. जेवलीस का?”

“विचारा ना, हे उत्तर बरोबर येतं का,” तोल्बा कुजबुजला.

“शेजारी तोल्बा आहे, गाढव. हो, अजून तसाच आहे.” मग उस्तांचा आवाज खाली गेला. “ते दाराचं बोललो होतो ना मी, ते सोड. मी उद्या तिकडे येऊ का?”

पडद्यावर निवेदकाने मान हलवली. रबाबने शाल काढून हातावर घेतली आणि प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन केले. ती हरली होती. तोल्बाचे तोंड उघडले. शलबींनी त्यावर तळहात ठेवला. फोनवर तिनेही हरल्याचे सांगितले नसावे, कारण उस्ता म्हणत होते, “नको, घ्यायला कोणाला पाठवू नकोस. मला रस्ता विचारता येतो.”

त्यांनी मला खांद्यावर टाकून कारखान्यात आणले आणि मोडका पाय माझ्या शेजारी ठेवला. सकाळी सरस तापत ठेवला, सांध्यावरून बोट फिरवले, घड्याळ पाहिले, मग शेगडी विझवली आणि दाराला कुलूप लावून ते बसथांब्याकडे गेले. मुलगी हरल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. जिंकणाऱ्या मुलीकडेही जायचे असते, हे त्यांना उमगले होते.

मित्रांनो, वस्तू कुरकुरते तेव्हाच तिच्याकडे पाहा. तिला शुभ म्हणून कोपऱ्यात जपू नका. मी अजून तीन पायांवर पडून आहे. सरस भांड्यात घट्ट झाला आहे. पण उस्ता आधी मला जोडत बसले असते आणि त्यांची बस चुकली असती, तर मी पुन्हा कोणालाही बसू दिले नसते.