आरसा बघा

“क्लच, अहो क्लच! ब्रेकवर काय उभे राहताय?”

गाडीने आचका दिला आणि मैदानाच्या मधोमध बंद पडली. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती; लोक त्यांना गिअरबाईच म्हणत. पण त्यांचा नवरा, अण्णा, पोस्टमन. सगळी नोकरी सायकलवर काढलेला माणूस साठी उलटल्यावर धुळाक्षरं गिरवत होता.

वेळच तशी आली होती. आधी बाईंचे डोळे पिवळे झाले, मग अंगभर खाज सुटली. पित्तनलिकेत कॅन्सरची गाठ निघाली, आणि तीही रक्तवाहिन्यांना अशी बिलगलेली की कापून काढता येईना. डॉक्टरांनी आत बारीक नळी बसवून कावीळ उतरवली. म्हणाले, “दोन औषधांची केमो एकत्र देऊ. गाठ जाणार नाही, पण काही काळ अडवता येईल.”

“मग अडवा की,” बाई म्हणाल्या.

सुरुवातीला त्या स्वतःच गाडी घेऊन केमोला जात. पुढे औषधांनी हातपाय बधिर झाले. एकदा पाय ब्रेकवर आहे की नाही, हेच त्यांना कळेना. त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि किल्ली अण्णांच्या हातात ठेवली.

धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, मी ड्रायव्हर लावून देतो. तुम्ही आराम करा.”

“भावजी, ह्यांना लायसन्स मिळाल्याशिवाय मी कुठेही जात नाही.”

अण्णा परीक्षेत दोनदा आपटले. बाई शेजारी बसून पिशवीत ओकायच्या, तोंड पुसायच्या आणि ओरडायच्या, “आरसा बघा! माझ्याकडे काय बघताय?”

तिसऱ्या खेपेला ते पास झाले.

वर्षभर गाठ जागची हलली नाही. मग एका स्कॅनमध्ये ती वाढलेली दिसली. औषधांचा उपयोग संपला, असं डॉक्टरांनी हळूच सांगितलं.

“वर्षभर अडवली की नाही तिला?” बाईंनी विचारलं.

“अडवलीत.”

“मग झालं तर. चला हो.”

परतीच्या वाटेवर अण्णा ओरडा ऐकायच्या तयारीत होते. शेजारून आवाजच येईना. दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग असताना आयुष्यात डोळा न मिटलेली बाई मान टाकून गाढ झोपली होती.

घराचं वळण आलं. अण्णांनी आरसा बघितला, वळण जाऊ दिलं आणि गाडी तशीच सावकाश पुढे नेली.