समोरच्या खोलीतला कापूस

कुंदाताईंनी दाराला खांदा लावला. दार वीतभर सरकलं आणि अडलं. पुन्हा जोर लावला, तेव्हा फटीतून कापसाचा एक गोळा हळूच घरंगळला आणि त्यांच्या चपलेवर येऊन बसला.

"अगंबाई! अजून इथंच आहे हा?"

मागे घनश्यामभाऊ टोपी हातात धरून उभे होते. दुसऱ्याच्या घरी जेवताना वाटी सांडावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"भावच नाई ना, ताई," ते म्हणाले. "दिवाईपासून वाट पाहून राह्यलो."

घनश्यामभाऊ बोरी अरबचे. शेत तिकडे, पण कापूस विकायचा नेरच्या बाजारात, म्हणून दिवाळीत त्यांनी सगळा माल नानाजींच्या समोरच्या खोलीत आणून टाकला होता. नानाजी म्हणजे कुंदाताईंचे वडील, नेरच्या शाळेत जन्म घालवलेले मास्तर. "भाव येईपर्यंत राहू दे," म्हणून त्यांनी खोलीची किल्लीच घनश्यामभाऊंना देऊन टाकली आणि मार्गशीर्षात, कोणाला फारसा त्रास न देता, स्वतः निघून गेले. कापूस मात्र राहिला.

आता घर विकायचं होतं. कुंदाताई अमरावतीला, भाऊ चंद्रशेखर पुण्याला. नेरला येऊन राहणार कोण? वारस दाखल्यासाठी कोर्टात अर्ज केला. पेपरात जाहीर नोटीस आली, कोणाची हरकत असल्यास महिन्याच्या आत कळवावी. महिना उलटला, चिटपाखरू फिरकलं नाही. नेमसिंग राठोड गुरुजींनी घर पसंत केलं होतं आणि त्यांना अक्षय तृतीयेला राहायला यायचं होतं. मंगळवारी कोर्टाची शेवटची तारीख. मूळ खरेदीखत जजसाहेबांना दाखवायचं, की दाखला हातात. मग रजिस्ट्री आणि रिकाम्या घराचा ताबा. चंद्रशेखरनं तिकीट काढून ठेवलं होतं आणि रोज सकाळी तो फोनवर एकच विचारायचा, "घर रिकामं झालं का?"

"नोटीस वाचली नाही का तुम्ही?" कुंदाताईंनी विचारलं.

"वाचली ना. आमच्या वैष्णवीनं वाचून दाखोली." वैष्णवी त्यांची नात.

"मग हरकत का नाही घेतली? नानाजींनी शब्द दिला होता तुम्हाला."

"तुमच्या घरावर मी हरकत घेऊ?" घनश्यामभाऊ हसले. "नानाजीचा शब्द नानाजीसंग गेला, ताई. तुमी कायले जीव जाळता? उद्या बंड्या लावतो. भेटन त्या भावात देऊन टाकतो."

आणि टोपी डोक्यावर ठेवून ते बैलबंडीवाल्याच्या शोधात निघून गेले.

ते इतकं सहज बोलले की कुंदाताईंना राग आला. त्यांचा नव्हे, स्वतःचा. घराची वारस म्हणून त्यांनी स्टँपपेपरवर शपथेनं लिहून दिलं होतं. वडिलांच्या शब्दाला वारस कोण, हे ना वकिलानं विचारलं होतं ना कोर्टानं. सहा महिने माणसानं ज्याच्याकडे बघत काढले, तो माल उद्या मातीमोल जाणार, आणि कारण काय, तर कुंदाताईंना घाई.

त्या अंग चोरून खोलीत शिरल्या. कापूस खिडकीपर्यंत चढला होता. बसायला जागाच नव्हती, म्हणून त्या कापसावरच बसल्या आणि कमरेपर्यंत आत गेल्या. उठायची खटपट एकदा केली, मग सोडून दिली. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. इथं आत सरकीचा वास होता आणि गारवा होता.

दिवाळीत इथंच बसून नानाजी घनश्यामभाऊंसाठी सुपारी कातरत होते, तेव्हा अडकित्ता हातातून सुटून ढिगात गेला होता. फोनवर सांगताना म्हातारा पोट धरून हसत होता. "शोधू नका म्हटलं. कापूस निघाला की निघेल." पुढं शेवटपर्यंत त्यांनी शेजारून मागून आणलेल्या अडकित्त्यावर भागवलं, पण ढीग काही उपसू दिला नाही. ते आठवून कुंदाताई एकट्याच हसल्या, आणि हसता हसता त्यांचा डोळा लागला. कितीतरी महिन्यांनी त्या अशा भरदुपारी झोपल्या.

जाग आली ती मानेला सुटलेल्या खाजेनं. त्या उठल्या, तोंडावर पाणी मारलं, ओट्यावर बसून राठोड गुरुजींना फोन लावला. मग ट्रंकेतून खरेदीखत काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलं आणि पुन्हा समोरच्या खोलीत गेल्या. ढिगात त्यांनी उजवा हात कोपरापर्यंत घातला, मग खांद्यापर्यंत. बोटांनी जरा चाचपून पाहिलं. अडकित्ता काही लागला नाही. पिशवी तिथंच सोडून त्यांनी हात रिकामा बाहेर काढला. फार बरं वाटलं त्यांना.

चारच्या सुमारास वकीलसाहेब आले. कळंबच्या शेतकऱ्याचा मुलगा, कामाला चोख आणि बोलायला तुटक.

"खरेदीखत द्या, ताई. उद्या फाइल लावून ठेवतो."

"घरातच आहे," चहाचा कप पुढं करत कुंदाताई म्हणाल्या. "पण कापूस निघाल्याशिवाय हाती यायचं नाही."

"मागच्या आठवड्यात तर ट्रंकेत होतं."

"होतं."

वकीलसाहेबांनी उघड्या दारातून तो ढीग पाहिला. मग कुंदाताईंच्या ब्लाउजची उजवी बाही पाहिली. बोटांपासून खांद्यापर्यंत हात तंतूंनी पांढरा झाला होता. डावा हात मात्र स्वच्छ होता. त्यांनी चहा बशीत ओतला.

"किती आत आहे?"

"हात पुरला तेवढं."

त्यांनी बशी संपवली. "राठोड गुरुजींचं काय? ते थांबतील?"

"विचारलं मी. म्हणाले, घर काय पळून चाललंय? त्यांचाही कापूस माजघरातच पडला आहे."

"यंदा कोणाचा नाही?" वकीलसाहेब म्हणाले. "आमच्या कळंबच्या घरी आई बाहेर ओसरीत झोपते." त्यांनी डायरी उघडली. "मूळ दस्त घरातील मालाखाली आहे, सबब मुदत मिळावी. असं लिहितो. यात खोटं काही नाही."

"आणि चंद्रशेखरला काय सांगू?"

"तारीख पडली म्हणा. कोर्टात तारीख पडली म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "केव्हाची मागू? मिरगाच्या आधीची की नंतरची?"

कुंदाताईंनी रस्त्याकडे पाहिलं. घनश्यामभाऊ उन्हातून परत येत होते. मागे बंडीवाला होता, बहुतेक माल बघायला आलेला.

"घनश्यामभाऊ," त्यांनी ओट्यावरूनच हाक मारली, "कोर्टाला सांगायचं आहे. भाव केव्हापर्यंत येईल?"

घनश्यामभाऊ रस्त्यातच थांबले. त्यांनी कुंदाताईंकडे पाहिलं, वकिलाकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ते कोनाले मालूम, ताई?"

"मग लांबचीच मागा," कुंदाताई वकीलसाहेबांना म्हणाल्या, आणि आणखी दोन कप चहा टाकायला आत गेल्या.