हद्दीवरचा बांध

मोरूने फळी छातीशी धरली आणि तो खांडीत उतरला. अवसेचं उधाण भर दुपारी चढत होतं आणि त्याच्याच शेतापाशी खाडीच्या बांधाला हे एवढं भगदाड पडलं होतं. त्याची बायको मनुबाई रॉकेलचा रिकामा डबा बडवत सुटली. डबा वाजला की घरटी एक माणूस चिखलाची पाटी घेऊन धावायचा. खांड कोणाच्या शेतापाशी पडली, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. एकदा खारं पाणी आत शिरलं, की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको.

पण गेल्या महिन्यात मुन्शिपालटीने वॉर्डांची हद्द बदलली. मोजणीवाले आले आणि बांधापासून गावापर्यंत, शेतांच्या मधून, चुना फासलेले दगड रोवून गेले. अलीकडे दोन नंबर, पलीकडे तीन. निवडणुकीचं खूळ, चार दिवसांत उतरेल, म्हणून मोरू हसला होता. हसेल नाही तर काय! त्याची लेक राही दगडांच्या पलीकडेच, बाबाजीच्या घरात दिलेली. व्याह्याव्याह्यांत कसला आलाय वॉर्ड?

अलीकडची माणसं आली, पण त्यांचा चिखल टाकताक्षणी वाहून जात होता. पाणी फळीला धडका देत होतं. मोरूने खांडीतूनच बायकोला विचारलं,

"तिकडचं कुनी दिसतंय का गं?"

"न्हाय अजून." मनुबाईने डोळ्यांवर हात धरला. "थांबा! व्याही आलं. राहीबी हाय. पाट्या हायत डोक्यावर!"

मोरूच्या जिवात जीव आला.

"बगितलंस? सोयरं ते सोयरं!"

पाट्यांची रांग चुन्याच्या दगडापाशी येऊन थांबली. बाबाजीने पहिली पाटी तिथेच उपडी केली. दुसरी तिच्या शेजारी. साठवतायत, मग एकदम आणतील, असं मोरूला वाटलं. पण बाबाजी टाचेने चिखल दाबत सरकू लागला तो खांडीकडे नव्हे, गावाकडे, एका दगडापासून पुढच्या दगडाकडे. पाणी मोरूच्या शेतातच अडावं, म्हणून हद्दीवर नवा बांध चढत होता.

मनुबाईचा डबा थांबला.

"व्याही, खांड हिकडं हाय!" मोरू ओरडला.

बाबाजी टाचेने चिखल दाबतच राहिला. राहीने आपली पाटी त्या बांधावर रिकामी केली, पदराने तोंड पुसलं आणि पलीकडूनच हाक मारली,

"बा, सोड आता फळी. बाहेर ये."