पितरांची काळी मुद्रा

मंगळवार होता. मध्य प्रदेशातील जामसांवलीच्या हनुमंताचे दर्शन घेऊन परतणारी माणसे रामाकोन्याच्या अलीकडे एका संत्र्याच्या बागेपाशी थबकत आणि तेथील टिनाच्या छपराखाली रांगेत उभी राहत. त्यांची श्रद्धा निर्मळ होती. त्या श्रद्धेच्या वाटेवर जो जाळे पसरून बसला होता, तो निर्मळ नव्हता. लोक त्याला नखवाले महाराज म्हणत.

"नाखून कौन खाता है, माय?" महाराज गरजत. "तेरा बच्चा? नाही! अंदर बैठा पितर खाता है! तोंड पोराचं, भूक आजोबाची!"

मग ते बाभळीच्या काट्याने कुपीतले तेल नखाच्या मुळापासून बोटाच्या टोकापर्यंत ओढीत. दोन-तीन दिवसांत तेथे काळीभोर खूण, म्हणजे महाराजांची 'मुद्रा', उमटे. ती साबणाने जात नसे, राखेने जात नसे. बोट सुजले, फोड आले, की 'पितर निघून राहिला' असा निर्वाळा मिळे. आणि नखे खाणे खरोखरच थांबे! अशी मुद्रा घेतलेल्या भूपेंद्र नावाच्या एका शेतकऱ्याचा अंगठा रेशन दुकानातील यंत्राने तीनदा नाकारला, तेव्हा तो घाबरून धावत आला. महाराजांनी त्यालाच सर्वांपुढे उभे केले.

"देखो! मशीन भी पहचानती नहीं! जुना भूपेंद्र गेला, हा नवा जन्म!"

जयघोषाने छप्पर दणाणले. नव्या जन्माचा भूपेंद्र रिकामी थैली घेऊन घरी गेला.

गावच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका चंद्रकलाबाई यांनी हे सारे ऐकले आणि चष्मा काढून डोळे चोळले. निवृत्तीला आठ महिने उरले होते. लिंबातले रक्त, नारळातले केस, आपोआप पेटणारा यज्ञ. तीस वर्षांत त्यांनी प्रत्येक चमत्काराची उकल गावाला करून दाखवली होती. दर वेळी लोक मान डोलावीत, आणि पुढचा महाराज आला की पुन्हा रांगेत उभे राहत. त्या आठवड्यात फोडांचे सहा रुग्ण येऊन गेले होते. विचारले की एकच उत्तर मिळे, "चुलीनं भाजलं जी."

त्या मंगळवारी सकाळी केसरबाई आपल्या मुलीला, अमिताला, घेऊन आली. मुलीच्या डाव्या हाताची दोन बोटे सुजून काळी पडली होती.

"सिस्टर, आग कमी व्हाची गोळी द्या. आज अंगठ्याची पाळी हाय."

"अंगठ्याची? आन् दहा दिवसांनी पोलीस भरतीची परीक्षा हाय न तिची?"

"म्हणूनच तं! नखं खाल्ल्यानं घरात दरिद्र येते. परीक्षेचा फारम भरला तवापासून पोट्टी दिवसभर कुरतडून राहिली."

"केसरबाई, छिंदवाड्याले गेटावर अंगठा लावा लागते. मशीननं घेतला नाही, तं तिथूनच वापस पाठवतीन. दोन वर्सांची मेहनत जाईन."

"नवा जन्म झाल्यावर नवा अंगठा घेतीन न सरकार!"

अमिता खाली मान घालून उभी होती. तिचा उजवा हात नकळत तोंडाकडे गेला. आईने फटकन खाली ओढला.

रक्तदाब मोजण्यासाठी बाकावर बसलेल्या वृद्ध अंबाबाईने मान पुढे केली. तिचे सारे आयुष्य गावाचे कपडे धुण्यात गेले होते. तिने अमिताचे बोट उजेडात धरले, वास घेतला आणि खो-खो हसली.

"पितर म्हणते का बाई याले? हा तं बिब्बा हाय! चाळीस वर्सं याच्यानंच गावाच्या धुण्यावर निशान टाकलं म्या. कोनाचं धोतर, कोनाची चादर, वळखू यावं म्हणून. भट्टीत उकळलं तरी जात नाही. माह्या हाताले किती डाव फोड आले!"

चंद्रकलाबाईंनी ते बोट स्वतः हुंगून पाहिले. बिब्बा, म्हणजेच भल्लातकाचे तेल! अंगाला लागले तर जाळणारे, कापडाला लागले तर जन्मभर राहणारे.

"अंबाबाई, चालता का माह्यासंगं?"

"बीपी मोजा आधी. तिथं वाढनारच हाय."

छपराखाली अमिताची पाळी आली, तेव्हा चंद्रकलाबाईंनी तिचा हात मागे घेतला आणि स्वतःचा पांढरा रुमाल महाराजांपुढे पसरला.

"महाराज, पयले याच्यावर मुद्रा द्या."

"वस्त्र पे नहीं होता, माताजी."

"होते," म्हणत अंबाबाईने काटा उचलला, कुपीत बुडवून रुमालावर रेघ ओढली आणि रंग लवकर धरावा म्हणून तंबाखूच्या डबीतला चुना त्यावर चोळला. पाहता पाहता रेघ काळी पडली. तिने रुमाल नळाखाली साबण लावून घासला. रेघ जशीच्या तशी.

"आता सांगा जी," चंद्रकलाबाई म्हणाल्या, "या रुमालानं कधी नखं खाल्ली?"

"कपास में भी जीव होता है!" महाराज चाचरले.

"मंग आमच्या जिनिंगातल्या कापसात किती पितर असतीन, महाराज?" पुन्हा रांगेत येऊन उभा राहिलेला भूपेंद्र ओरडला. हशा पिकला.

"हसू नका," चंद्रकलाबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "महाराज, येक रेघ तुमच्या अंगठ्यावर ओढा. नवा जन्म तुमालेही मिळू द्या."

महाराजांनी हात झटकन कफनीत दडवला. लोकांना जे शब्दांनी कळले नव्हते, ते त्या हाताने कळले.

"सुजलेलं बोट कोन तोंडात घालते?" चंद्रकलाबाई म्हणाल्या. "म्हणून नखं सुटतात. फोडानं अंगठ्याच्या रेघा मिटल्या, म्हणून मशीन नाकारते. जन्मबिन्म काही नाही."

केसरबाईने लेकीचा अंगठा मुठीत घट्ट धरला आणि ती रडू लागली.

"मंग सिस्टर, माही सवय?" अमिताने हळूच विचारले.

"तुले परीक्षेची धास्ती हाय, पोरी. नखं बारीक काप. हात वर जाईन तवा मूठ वळ, नाहीतर हातात काही धर. कवा खाते, ते लिहून ठेव. चुकशीन, पुन्हा लाग. महिने जातीन."

"महिने?" रांगेतले कोणीतरी निराश होऊन म्हणाले. "मोहगावात येक जन दोरा देते म्हणतात."

चंद्रकलाबाईंनी ते ऐकले. मग त्यांनी नखवाल्या महाराजांविरुद्ध पोलिसांना फोन केला.

परीक्षेच्या दिवशी छिंदवाड्यात यंत्राने अमिताचा अंगठा पहिल्याच वेळी स्वीकारला. त्याच हाताची दोन नखे तेव्हाही कुरतडलेली होती.

सज्जनहो, सवय हा देहाचा आणि मनाचा व्यवहार आहे. ती धीमेपणाने, आपल्याच प्रयत्नाने सुटते. देवाला अवश्य नमस्कार करा. परंतु जो कोणी तुमच्या अंगाला औषध लावील, त्याला विचारा: हे काय आहे, आणि तू ते स्वतःला लावशील का? एवढे विचारल्याने कोणताही देव रागावत नाही.